बोंडाआडचे पन्नास दिवस

आषाढ-श्रावणात कपाशीला पाते लागले, की जळगाव-धुळ्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत एक मागणी हमखास ऐकू येते: "भाऊ, गळ थांबवायचं काहीतरी द्या." दुकानदार फळीवरची बाटली काढून पुढे ठेवतो. तिच्यावर बारीक अक्षरांत नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड, साडेचार टक्के, असं छापलेलं असतं. शेजारी कपाशीची उंची रोखणारं मेपिक्वाट क्लोराइड, त्याच्या पलीकडे जिबरेलिक आम्ल आणि मग रंगीत लेबलांच्या, घटकांचा नीट उल्लेखही नसलेल्या बाटल्यांची रांग. बोलीत या सगळ्यांना एकच नाव आहे: टॉनिक. खरं तर पहिल्या तिन्ही वस्तूंना टॉनिक म्हणता येत नाही. जिबरेलिक आम्ल हे झाडाचं स्वतःचंच संप्रेरक आहे. नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड ही ऑक्झिन या संप्रेरकाची कारखान्यात केलेली नक्कल आहे. मेपिक्वाट क्लोराइड झाडातली जिबरेलिनची निर्मितीच अडवतं. म्हणजे एक गती देणारं, एक धरून ठेवणारं आणि एक लगाम घालणारं, अशी तीन वेगळ्या कामांची रसायनं एकाच नावाखाली विकली जातात आणि पुष्कळदा एकाच पंपात मिसळली जातात.

कपाशीच्या धाग्यातल्या संप्रेरकांवरच्या या पुस्तकाची गरज इथून सुरू होते. मात्र पुस्तकाचा गाभा बाटली हा नाही. कपाशी हीच संप्रेरकं बोंडाच्या आत, अत्यल्प प्रमाणात स्वतः तयार करते. कोणत्या पेशीचा धागा व्हायचा, तो किती लांबायचा, कधी थांबायचा आणि त्याची भिंत किती जाड व्हायची, याच्या निर्णयांत त्यांचा मोठा वाटा असतो. बोंडातलं संप्रेरक आणि बाटलीतलं संप्रेरक यांची गल्लत खान्देशातल्या शेतकऱ्याला महाग पडते, असं माझं ठाम मत आहे. बाटली फार तर बोंड झाडावर टिकवायला किंवा झाडाची उंची आवरायला मदत करते. धागा लांब करण्याचं काम ती करत नाही.

आधी धागा म्हणजे काय ते पाहू. रुईचा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते. ती सरकीच्या सालीवर, म्हणजे फूल उमलतं त्या सुमारास कोवळ्या बीजांडाच्या सर्वांत बाहेरच्या थरात जन्म घेते. त्या थरातल्या साधारण चारांतल्या एका पेशीला धागा होण्याचा इशारा मिळतो. बाकीच्यांची साल होते. धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास आणि आपल्याकडच्या संकरित कपाशीत लांबी २८ ते ३० मिलिमीटर. लांबी जाडीच्या हजारपटीहून अधिक, आणि मध्ये कुठेही सांधा नाही. एका सरकीवर असे दहा-वीस हजार धागे, एका बोंडात चार-पाच फाकळ्या आणि त्यांत पंचवीस-तीस सरक्या. म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या बोटांत एका वेळी आलेल्या एका बोंडाच्या कापसात काही लाख पेशी असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीने आपला पन्नासेक दिवसांचा प्रवास पुरा केलेला असतो.

हा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो, आणि कपाशी लावणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी पाहावा. सकाळी उमललेल्या पांढरट-पिवळसर फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधावा आणि तारीख टिपून ठेवावी. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडतं, मग सुकून झडतं आणि खाली बोराएवढं बोंड उरतं. अशी दहा-बारा फुलं बांधून ठेवली की ठरावीक दिवसांनी एकेक बोंड कापून पाहता येतं. बाराव्या दिवशी बोंड ब्लेडने आडवं कापलं, तर फाकळ्या ओल्या, चकचकीत, पांढऱ्या गराने गच्च भरलेल्या दिसतात. तो गर म्हणजे धागेच. पण चिमटीत धरून सोडवायला गेलं तर ते सुटे होत नाहीत आणि ओढले की तुटतात, कारण त्यांना अजून नुसती पातळ कातडी आहे. सरकी नखाने दाबली तर आतून पाणी येतं. पंचविसाव्या दिवशीच्या बोंडात सरकीला आकार आलेला असतो, धागा पुरा लांबलेला असतो आणि ओढताना थोडा ताण देतो. चाळिसाव्या दिवशी साल टणक होऊन तिच्यावर रंग चढू लागतो आणि धागा चांगलाच चिवट झालेला असतो. त्यानंतर बोंड वाळतं, तडकतं, धाग्यातलं पाणी उडून जातं आणि पोकळ नळी चपटी होऊन तिला पीळ बसतो. सूतगिरणीत एक धागा दुसऱ्याला धरून राहतो तो या पिळामुळे.

शास्त्रज्ञ या प्रवासाचे टप्पे पाडतात, पण ते एकमेकांत मिसळलेले असतात. फूल उमलण्याच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत पेशी फुगून वर येते. तिथून विसाव्या-पंचविसाव्या दिवसापर्यंत ती लांबत राहते. भर वेगात असताना दिवसाला सुमारे दोन मिलिमीटर. लांबणं संपत आलं की सेल्युलोजचे थर आतून बसू लागतात आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत भिंत भरत जाते. पक्क्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असतं. इजिप्तमध्ये कापसावर काम केलेल्या लॉरेन्स बॉल्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं की हे थर दिवसागणिक एकेक बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वर्तुळं मोजता येतात. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा धाग्याच्या भिंतीत अशा रीतीने नोंदला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी पाणी देऊन राखण्याचा, प्रश्न पुढे याच वर्तुळांशी येऊन ठेपतो.

संप्रेरकांचा या सगळ्याशी संबंध आहे हे नेमकेपणाने दाखवलं ते कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या बीझली आणि टिंग यांनी, १९७३ आणि १९७४ साली. त्यांनी फुलातली बीजांडं काढून साखर आणि क्षारांच्या द्रावणावर तरंगत ठेवली, अंधारात, बत्तीस-चौतीस अंश तापमानात. झाड नाही, मुळं नाहीत, पान नाही, नुसती बीजांडं. फलित झालेल्या बीजांडांवर धागा उगवला. फलन न झालेली बीजांडं मात्र तशीच राहिली. त्या द्रावणात ऑक्झिन आणि जिबरेलिन टाकल्यावर त्यांच्यावरही धागा वाढू लागला. ॲब्सिसिक आम्ल टाकलं तर वाढ खुंटली. एवढ्या साध्या मांडणीतून कळलं की परागण झाल्यावर बीजांडाला जे मिळतं, त्याचा मोठा भाग संप्रेरकांचा आहे. आपल्याकडे पावसाच्या सरीत भिजलेलं फूल बोंड धरत नाही, ते यासाठीच. कपाशीचा पराग पाण्याने फुटतो. पराग गेला तर फलन नाही, फलन नाही तर बीजांडाला तो इशारा नाही.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत चित्र बरंच भरलं. जवळच्या गुजरातेत, राजकोटच्या सौराष्ट्र विद्यापीठात, वाढत्या धाग्यातल्या संप्रेरकांची दिवसागणिक मापं घेतली गेली. २००५ च्या सुमारास ब्रासिनोस्टिरॉइड या गटातली संप्रेरकं धागा लांबवतात आणि त्यांची निर्मिती अडवली तर धागा थांबतो, हे दिसलं. २००६ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की धागा भरधाव लांबत असताना त्यात इथिलीन तयार करणारी जनुकं जोरात चालू असतात, आणि बीजांडांना इथिलीन वायू दिला तर धागा आणखी लांबतो. इथिलीन म्हणजे जळगावच्या केळीवाल्यांच्या रोजच्या परिचयाचं. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकते ती त्याच्यावर. फळ पिकवणारा वायू धागा लांबवतो, हे ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. आज वाटतं, एकच संप्रेरक जागा आणि वेळ पाहून वेगळं काम करतं, एवढी एक गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसली तर या पुस्तकाचं अर्धं काम झालं.

जागा आणि वेळ यांचं सर्वांत बोलकं उदाहरण चीनमधल्या चोंगचिंगचं आहे. तिथल्या नैऋत्य विद्यापीठातल्या गटाने ऑक्झिन तयार करणारं एक जिवाणूंमधलं जनुक कपाशीत घातलं. पण त्याला चालू करणारी कळ त्यांनी पेटुनियाच्या झाडातून अशी निवडली की ते जनुक बीजांडाच्या सालीतच आणि धागा फुटण्याच्या सुमारासच काम करेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, चार वर्षांच्या शेतातल्या चाचण्यांमध्ये रुईचं उत्पादन पंधरा टक्क्यांहून अधिक वाढलं आणि धागाही बारीक झाला. ऑक्झिन तेच, पण योग्य पेशीत आणि योग्य दिवशी वाढलेलं. फवारणीचं ऑक्झिन पानावर, देठावर, बोंडाच्या सालीवर पडतं. ते सरकीच्या सालीतल्या ठरावीक पेशींपर्यंत ठरावीक दिवशी पोचवणारा नोझल कुणाकडे नाही.

मग पेशी लांबते कशी? संप्रेरकं भिंत सैल करणाऱ्या प्रथिनांची जनुकं जागी करतात. त्याच वेळी पेशीच्या आत पोटॅशियम, साखर आणि मॅलिक आम्लाचे क्षार साठतात, त्यामागे पाणी ओढलं जातं आणि आतून दाब वाढतो. दहाव्या दिवसाच्या आगेमागे धागा आणि सरकीची साल यांच्यातल्या सूक्ष्म वाटा काही काळ बंद होतात, म्हणजे तो दाब आतच कोंडला जातो. सैल भिंत आणि कोंडलेला दाब एकत्र आले की पेशी ताणली जाते. म्हणून फुलं लागल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पाण्याचा ताण बसला तर धागा आखूड राहतो. ठिबकवर कपाशी घेणाऱ्या चोपडा, रावेर, शिरपूरकडच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. फक्त आपण वेळेवर पाणी देऊन नेमकं काय जपतो, त्याचं कारण त्यांना इथे सापडेल.

आता गळीबद्दल. कपाशी निम्म्याहून अधिक पाते आणि कोवळी बोंडं एरवीही टाकते. वाढत्या बोंडाकडून देठाकडे ऑक्झिन येत राहतं तोवर देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा थर घट्ट राहतो. ढगाळ हवेत, पाणी साचल्यावर किंवा अन्न कमी पडल्यावर ऑक्झिन घटतं, इथिलीन आणि ॲब्सिसिक आम्ल वरचढ होतात आणि तो थर सुटतो. नॅप्थिल ॲसेटिक ॲसिडची हलकी फवारणी इथे खरोखर उपयोगी पडते. पण मात्रा वाढवली तर तेच ऑक्झिन झाडाकडून जास्त इथिलीन करवून घेतं आणि गळ वाढते. शिवाय पानांना जितक्या बोंडांचं पोट भरता येत नाही तितकी जबरदस्तीने झाडावर धरून ठेवली, तर ती लहान आणि हलकी राहतात. बाटलीवरच्या मात्रेला किंमत आहे ती यासाठी.

याच इथिलीनचा दुसरा, फार कटू चेहरा खान्देशाने अनेकदा पाहिला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडते, मग रात्रीतून धो धो पाऊस होतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. बोंडांनी लदलेली जोमदार झाडं दुपारपर्यंत माना टाकतात. कीड नाही, बुरशी नाही. याला आकस्मिक मर म्हणतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेली मुळं इथिलीनचा कच्चा माल वर पाठवतात आणि पानांत त्याचं इथिलीन होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावर सुचवलेला उपाय कोबाल्ट क्लोराइडचा आहे: लिटरला दहा मिलिग्रॅम, झाडं मलूल दिसल्यापासून काही तासांच्या आत. कोबाल्ट इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी अडवतो. सोबत शेतातलं पाणी काढून देणं आलंच. संप्रेरकांचं ज्ञान थेट बांधावर उपयोगी पडतं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. आणि उशीर झाला की हाच उपाय वाया जातो, हेही तितकंच खरं.

बाहेरून आलेलं संप्रेरक काय करू शकतं, ते पाहायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. टू-फोर-डी हे तणनाशक मुळात एक कृत्रिम ऑक्झिनच आहे. मका, ज्वारी किंवा उसात ते चालतं. कपाशीला मात्र त्याचा नुसता वारा लागला तरी पुरतो. शेजारच्या शेतातून उडून आलेला फवारा असो, नाहीतर न धुतलेल्या पंपाच्या तळाशी राहिलेले चार थेंब असोत, आठवडाभरात शेंड्याची नवी पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी फाटून भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात. शिरा एकमेकींना समांतर जवळ येतात आणि पात्यांभोवतीची हिरवी पानं ओढल्यासारखी लांबतात. पुष्कळांना तो विषाणू वाटतो आणि त्यावर आणखी फवारण्या होतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे वाक्य कृषी सहायक दरवर्षी सांगतात. या पुस्तकात त्या वाक्यामागची पेशी दिसेल.

फरदडीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. मे महिन्यात लावलेली बागायती पूर्वहंगामी कपाशी गणपतीच्या सुमारास वेचणीला येते. जिनिंगवाले खरेदीचा मुहूर्तही त्याच दिवसांत धरतात. त्या बोंडांची भिंत ऑगस्ट-सप्टेंबरच्या उबदार रात्रींत भरलेली असते. पण भाव चढतील या आशेने किंवा रान मोकळं करण्याचा खर्च टाळण्यासाठी तीच कपाशी पाणी देऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत ठेवली जाते. त्या दिवसांत तापीकाठच्या रात्री दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतात. थंड रात्री सेल्युलोज बसण्याचं काम फार मंदावतं. धागा लांबीला कदाचित ठीक निघतो, पण आतून पोकळ राहतो. मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याच्या जाडी-पक्वतेचं माप, उतरतं, रंग नीट बसत नाही, कातताना गाठी पडतात. त्या बोंडांवर वाढीची कितीही औषधं मारली तरी बॉल्स यांनी पाहिलेली ती वर्तुळं ऊब असल्याशिवाय बसत नाहीत. वर गुलाबी बोंडअळीला हिवाळाभर घर मिळतं. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रभर काय केलं ते सर्वांच्या लक्षात आहे, आणि जूनपूर्वी बियाणं विकू नये अशी बंधनं शासनाने घातली तीही तिचं चक्र तोडण्यासाठीच. फरदड घेऊ नये, असं या पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे, आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

हा विषय जळगाव-धुळ्याच्या वाचकासाठी मराठीत यायला हवा होता, आणि तो उशिरा येतोय. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. दोन्हीकडे जिन-प्रेस आणि गिरण्या उभ्या राहिल्या. जरीला, विरनार, वाय-१ ही देशी वाणांची नावं जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. त्यांचा धागा आखूड आणि जाड होता, कारण लांबण्याचा वेग आणि काळ दोन्ही त्या जातीच्या वंशातच कमी. पण पावसाने ओढ दिली तरी ती कपाशी उभी राहायची. १९७० मध्ये सुरतेत एच-४ हा कापसाचा पहिला व्यापारी संकर तयार झाला आणि २००२ मध्ये बीटी कपाशी आली. साठ वर्षांत शेतातली कपाशी पुरती बदलली. तिच्या बोंडात काय चालतं याची मराठीतली समज त्या वेगाने वाढली नाही.

वाचकांना एक सूचना. जिबरेलिन आणि मेपिक्वाट क्लोराइडचं प्रकरण सघन लागवड करणाऱ्यांनी आधी वाचावं, कारण झाडं दाट असताना उंची आवरणं हाच तिथला कळीचा प्रश्न आहे. शेंडा खुडण्याशी त्याची तुलनाही तिथेच आहे. सायटोकायनिन आणि जॅस्मोनेटचं प्रकरण कठीण आहे, ते शेवटी घेतलं तरी चालेल. जिनिंगवाल्यांनी भिंत भरण्याचं प्रकरण सोडू नये. रुईचा उतारा आणि स्टेपल पाहून सौदा करण्याची आपली सवय आहे, पण धाग्याची पक्वता भावात धरली गेली नाही, तर वेळेवर वेचून रान मोकळं करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळणार नाही.

आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या, जळगावच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. दोरा, ब्लेड, कंपासपेटीतली पट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर धाग्याची दिवसागणिक लांबी मोजता येते. मेमध्ये लावलेली आणि जूनच्या पावसावर लावलेली, ठिबकवरची आणि कोरडवाहू, सप्टेंबरचं बोंड आणि डिसेंबरचं बोंड, अशा जोड्या आपल्या तालुक्यातल्या शेतांवर मोजा आणि त्या दिवसांचं रात्रीचं तापमान शेजारी लिहा. दोन-तीन हंगामांची अशी वही तयार झाली, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत चीन आणि कॅलिफोर्नियाच्या आकड्यांशेजारी एरंडोल आणि शिंदखेड्याचे आकडे छापता येतील.